माझ्या वाट्याचा तुकडा

पहिल्याच दिवशी बाईंनी मला गाडीतून खाली उतरवलं. कन्हेरीचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, आणि क्लच सोडताना मी तिसऱ्यांदा गाडी बंद पाडलेली. रडकुंडीला येऊन मी म्हणाले, "माझं नेहमी असंच होतं, बाई. मला कधीच काही जमत नाही. सगळ्यांना माहितीये ते."

बाईंनी हँडब्रेक ओढला. "उतर."

मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी हाकललं. मी उतरले. बाईंनी खिडकीतून एक फडकं बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"काचा पूस. नेहमी, कधीच, सगळे. माझ्या गाडीत ह्या तीन शब्दांला बंदी हाय. एका शब्दाला एक काच."

मी भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभी राहून तीन काचा पुसल्या. वैरणीचा भारा मागे बांधून मोटरसायकलवरून चाललेला एक माणूस वेग कमी करून बघत गेला. पुन्हा आत बसले तेव्हा बाई म्हणाल्या, "आता नीट सांग. काय झालं?"

"गाडी तीनदा बंद पडली."

"हां. एवढंच झालंय. चल, चौथ्यांदा चालू कर."

बारामतीत गाडी शिकवणारे पुष्कळ आहेत. बाईंकडे मुख्यतः बायका जायच्या, आणि त्यातही ज्यांना दुसऱ्या कुणी शिकवायला नकार दिलाय अशा. साठीकडे झुकलेल्या, काटक बांध्याच्या, सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. मनगटावर पुरुषी घड्याळ, ते नवऱ्याचं. राहायला काटेवाडीत, एकट्या. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर इतरांसारखं 'शिकाऊ' लिहिलेलं नव्हतं. बाईंनी पेंटरला उभं राहून लिहून घेतलं होतं : 'शिकतीय. घाई असंल तर उडून जा.' एका पोलिसाने ते पुसायला सांगितलं म्हणे. बाईंनी त्याला विचारलं, "शिवी हाय का त्यात?" तो वाचत बसला, हसला आणि गेला.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. शिकणारी काहीही बोलली की त्या विचारायच्या, "डोळ्यांनी दिसलं का डोक्यानं दिसलं?" मी म्हणायचे, मागचा गाडीवाला मला शिव्या देतोय. "डोळ्यांनी दिसलं का डोक्यानं?" आरशात बघावं तर मागचा माणूस फोनवर बोलत असायचा. मी म्हणायचे, तो पोरगा मला हसतोय. "डोळ्यांनी दिसलं का डोक्यानं?" आता तो पोरगा खरोखरच हसत असायचा. मग बाई म्हणायच्या, "हसू दे. त्याचे दात हायत. तू गिअर बघ."

गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "छान चालवतेस" असं त्या कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. "मेली न्हाईस" एवढी त्यांची शाबासकी.

पंधरा-सोळा दिवस झाल्यावर एकदा त्यांनी मला सकाळी दहाला बोलावलं. बाजाराचा दिवस. मी चावी फिरवली तशा त्या म्हणाल्या, "आज भिगवण चौकात जायचं आणि गाडी बंद पाडायची."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "बंद पडू द्यायची नाही ना?"

"पाडायची. मुद्दाम. मधोमध. आणि मी सांगेपर्यंत चालू करायची न्हाय."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"तेच बघायला चाललोय. इतकी वर्सं ज्याला भितीयस ते एकदा बघून तर यिऊ."

माझ्या तळहातांना घाम सुटला होता, स्टेअरिंग निसटत होतं. चौकात पोचले, वळणाच्या मधोमध आले, आणि क्लच झटकन सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि गप्प झाली. क्षणभर सगळं शांत, आणि मग मागून हॉर्नचा गिल्ला. एक एसटी, दोन पिकअप, रिक्षा, असंख्य मोटरसायकली. रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, झोपला का?" एक आजोबा काठी टेकत आले, काचेतून डोकावले, म्हणाले, "पेट्रोल हाय का?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. माझं हृदय कानात वाजत होतं. बाई शेजारी बसून घड्याळाच्या पट्ट्यावरची धूळ नखाने काढत होत्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला तासभर वाटला. मागची एसटी बाजूने वळसा घालून गेली. तिच्यामागून बाकीचे गेले. नवे आले, त्यांनी हॉर्न वाजवले, तेही गेले. आणि माझ्या लक्षात आलं की माझी छाती आता मघासारखी धडधडत नाहीये. मी तिथेच बसले होते, तोच चौक, तेच हॉर्न, आणि मला चक्क भूक लागली होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"लोक ओरडले."

"मग?"

"गेले."

"गेले," बाई म्हणाल्या. "त्यांला त्यांची कामं हायत. चालू कर."

मला हसू आलं. आवरेचना. हसत हसतच मी गाडी चालू केली आणि चौकातून बाहेर काढली. किती महिन्यांनी हसत होते, ते घरी गेल्यावर मोजलं आणि मग वाईट वाटलं.

मी गाडी शिकायला का आले होते, ते सांगायला हवं. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. म्हाताऱ्या, आजारी माणसांकडे घरी जाऊन रक्त घेणं हाही माझ्या कामाचाच भाग. तेव्हा मला तिसरा महिना होता. कळंबला एका आजींचं रक्त घ्यायला स्कूटीवर गेले, तशी नेहमीच जायचे. तिसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं आणि सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की याचा स्कूटीशी काही संबंध नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "नको म्हणत होते मी. खड्ड्याखड्ड्यांतनं गेली." एकदा म्हणाल्या, मग शेजारी बोलायला आले तेव्हा म्हणाल्या, मग नणंदेला फोनवर म्हणाल्या. नवऱ्याने स्कूटी विकून टाकली. तो काही बोलला नाही, पण त्याने विकली, म्हणजे त्यालाही तसंच वाटत असणार, असं मी धरून चालले. पुढे कामावर जायला काहीतरी हवं, म्हणून त्यानेच जुनी चारचाकी घेतली आणि मला बाईंकडे धाडलं.

सासूबाई ते वाक्य दिवसातून एकदा म्हणत असतील. मी मनात शंभरदा म्हणायचे. भांडी घासताना, सुई टोचताना, झोपेतून जागी होताना. मी मारलं. माझ्यामुळे गेलं. बाईंना मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

बाईंची स्वतःची गोष्ट मला इंदापूर रस्त्यावर कळली. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता आणि आम्ही संध्याकाळी लासुर्ण्याकडून परत येत होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, स्पीकरवर गाणी लावून डुलत चाललेला. ट्रॉलीला मागे दिवा नाही, काही नाही. बाई म्हणाल्या, "पुढं घाल आणि त्याला थांबव." मी हात दाखवून थांबवलं. बाईंनी डॅशबोर्डाच्या कप्प्यातून लाल रेडियमच्या पट्टीचं भेंडोळं आणि कात्री काढली, उतरल्या, आणि सरळ ट्रॉलीच्या मागे जाऊन फडक्याने पत्रा पुसायला लागल्या.

ड्रायव्हर खाली आला. "ओ मावशी, काय चाललंय?"

"तुझ्या ट्रॉलीला कुंकू लावतीय."

"मालकाला इचारायला लागंल."

"माणसं मारायच्या आधी इचारतोस का मालकाला?" बाईंनी दातांनी पट्टीचा कागद सोडवला. "लाईट हिच्यावर पडला की लांबनं चमकती. धर हे टोक."

ड्रायव्हरने टोक धरलं. ट्रॉलीमागे एक मोटरसायकलवाला थांबला होता, ओळखीचा असावा. तो मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "नवरा गेल्यापास्नं डोकं फिरलंय बाईचं."

बाईंनी मान वळवली. "फिरलं व्हतं, खरंय. तीन वर्सं फिरलं व्हतं. आता जाग्यावर आलंय म्हणून तर चिकटवतीय. तुझ्या गाडीला हाय का मागं लाईट?"

त्याच्या गाडीला नव्हता. बाईंनी त्यालाही पट्टी लावली.

परत गाडीत बसल्यावर त्यांनी समोर बघत सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. बारा-तेरा वर्षांपूर्वी, थंडीतली सकाळ, धुकं. इंदापूरला साखरपुडा होता. नवऱ्याला लांबचं नीट दिसायचं नाही म्हणून गाडी बाई चालवत होत्या; शिकवलीही नवऱ्यानेच. रस्त्यात बिघडलेली उसाची ट्रॉली तशीच उभी करून ठेवलेली. दिवा नाही, दगड नाही, फांदी नाही. दिसली तेव्हा ती बोनेटला टेकलेली होती. बाईंचा हात मोडला. नवरा जागीच गेला.

"लोक म्हणाले, बाईच्या हातात गाडी दिली की आसंच व्हायचं. लोकांचं सोड. मीच म्हणत व्हते, मी मारला. तीन वर्सं घराच्या भाईर पाय टाकला न्हाय. उजेड नको वाटायचा. आंगोळ नको वाटायची." कळंबचा भाऊ अखेर त्यांना इंदापूरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बारामतीत कुणीतरी बघेल म्हणून इंदापूरला. "त्या डॉक्टरनं मला येडी म्हटलं न्हाय, का देवाचं नाव घे म्हटलं न्हाय. एकेक इचार समोर ठेवून उलटतपासणी घ्यायला लावली. लय भांडले मी त्यांच्याशी. मग कवातरी घरात एकटीच सोत्याशी भांडायला लागले. तवा बरी व्हायला लागले."

"आणि पुन्हा गाडी?"

"पयल्यांदा नुसती बंद गाडीत बसायची. मग चालू करून बसायची. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. सहा महिने लागले हितपर्यंत यायला. तू काय समजतीस, मी चौकात गाडी बंद पाडायला कुठं शिकले?"

पुढच्या आठवड्यात मी क्लासला गेलेच नाही. दिवस भरले असते, तर बाळ जन्मलं असतं ती तारीख त्या आठवड्यात होती. डॉक्टरांनी फाईलवर लिहिलेली, मी पाठ केलेली. मी पडून राहिले. पहिल्या दिवशी बाईंचा फोन आला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता खाली हॉर्न वाजला, आणि 'शिकतीय' लिहिलेली गाडी आमच्या दाराशी आडवी उभी.

बाई सरळ स्वयंपाकघरात आल्या. सासूबाई भाकरी थापत होत्या. बाईंनी पाट ओढला आणि बसल्या. मी दारातच उभी.

"ही का येत न्हाय?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"तिच्या जिवाला बरं नाही," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "तुम्हांला सांगितलं नसेल तिनं. पोटातलं गेलं तिचं. तिसऱ्या महिन्यात. नको म्हणत होते मी, पण स्कूटीवर कळंबला..."

ते वाक्य बाहेरच्या माणसासमोर आलं. मी उंबऱ्यावरच बसले. बाई माझ्याकडे बघत होत्या. बरंच काही जुळत असावं त्यांच्या मनात.

"वहिनी, एक भाकरी द्या," त्या म्हणाल्या. "जेवायला न्हाय. वाटणीला."

सासूबाईंनी गोंधळून ताटलीत गरम भाकरी दिली. बाईंनी ताटली माझ्या पुढ्यात सरकवली.

"जे झालं त्याचा दोष मिळून ही एक भाकरी. हे मला डॉक्टरनं शिकवलंय. त्यांनी कागदावर गोल काढला व्हता, मला कागदाचं काय कळंना, मी घरी येऊन भाकरी घेतली. आता वाट. डॉक्टरीण काय म्हणाली?"

"गर्भच नीट वाढत नव्हता म्हणाल्या. बहुतेक वेळा तेच कारण असतं."

बाईंनी निम्म्याहून मोठा तुकडा मोडून बाजूला ठेवला. "हा त्याचा. त्यात तुझं काय न्हाय, कुणाचंच काय न्हाय. पुढं?"

"थायरॉईड वाढलेलं निघालं. नंतर कळलं." माझा आवाज फाटला. "बाई, मी रोज लोकांचं थायरॉईड तपासते. मला कळायला पाहिजे होतं."

"आधी काय व्हत व्हतं तुला?"

"काही नाही. थकवा. तो सगळ्यांनाच..." मी थांबले. बंदीचा शब्द आला होता. बाईंनी तो जाऊ दिला.

"मग नंतर कळलेलं आधी कसं कळंल? आज उत्तर कळलं म्हणून कालच्या परीक्षेत नापास करून घेतीस का सोत्याला?" त्यांनी आणखी एक तुकडा मोडला. "हा थायरॉईडचा. आन् हा, काय कळत न्हाय त्याचा. डॉक्टरला बी कळत न्हाय आसं लय आसतं. त्याला पण वाटा पायजे." ताटलीत आता कडेचा एक बारका पापुद्रा उरला, नखाएवढा. "ही तुझी स्कूटी. डॉक्टरीण म्हणती हिला वाटाच न्हाय. मी म्हणते, तुला पायजेच आसंल तर एवढी घे. पर आख्खी भाकरी तुझी न्हाय. आख्खी खाशील तर मरशील. मी मरत व्हते. तीन वर्सं रोज आख्खी खात व्हते."

तो पापुद्रा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "खा. आन् पानी पी."

मी खाल्ला. त्याला चव अशी काही नव्हती. गिळला, आणि मग मी ओरडून रडले, लेकराच्या मरणाला रडावं तशी. त्या दिवसापर्यंत मी रडले नव्हते. अपराध्याला रडायचा काय हक्क, असं वाटायचं.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. सासूबाई तव्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि उलथनं हातात असून हलत नव्हत्या. मग तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी डॉक्टरीण कुठली? त्या दिवशी मी विहिरीवरनं दोन घागरी आणल्या होत्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, घागरींनी गेलं."

माझ्या नवऱ्याच्या आधी सासूबाईंना एक मूल झालं होतं, सातव्या महिन्यात, मेलेलं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. चाळीस वर्षं होत आली होती.

"मुलगी होती," सासूबाई म्हणाल्या.

बाई उठल्या. त्यांनी गॅस बंद केला, सासूबाईंच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि त्यांना दंडाला धरून माझ्याशेजारी बसवलं. "वहिनी, तुमच्या वाट्याच्या दोन्ही घागरी खाली ठेवा आता," म्हणाल्या. मग बाईंनी ताटलीतली उरलेली भाकरी ठेच्याशी खाल्ली, कारण सकाळपासून त्या उपाशी होत्या, आणि जाताना मला म्हणाल्या, "उद्या आठ वाजता. काचा घाण झाल्यात."

त्या दिवसापासून सासूबाई गरीब गाय झाल्या असं मुळीच नाही. दुसऱ्याच दिवशी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून त्या मला बोलल्या. पण स्कूटीचं वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. नवऱ्याला मी धीर करून विचारलं तेव्हा तो चकित झाला. स्कूटी दारात दिसली की मी रडवेली होते, म्हणून त्याने विकली होती. मी महिनोन् महिने त्याच्या डोक्यात शिरून भलतंच वाचत बसले होते. पुढे मला मूल झालं की नाही, हे लोक अजून विचारतात. त्यांना विचारू दे. ते मी इथे सांगणार नाही.

मला लायसन मिळून वर्ष झालं असेल. एकदा लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली एकजण म्हणाली, बाईंचा क्लास बंद आहे, फोन उचलत नाहीत. मी दुपारची सुट्टी घेतली आणि काटेवाडीला गेले. दार नुसतं लोटलेलं. खिडक्या बंद. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, अंगावर तीच साडी बहुधा तीन-चार दिवसांची. पांढरे बूट पलंगाखाली ढकललेले.

"बाई."

"जा तू," त्या म्हणाल्या. "माझं संपलंय. मला न्हाय जमायचं आता कधीच."

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मला भीती वाटली. तरी मी त्यांचाच प्रश्न काढला : डोळ्यांनी दिसलं का... "माझंच मला शिकवू नको," त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की मला बरं वाटलं. भांडण शिल्लक होतं अजून.

मी चहा केला, शेजारी बसले. हळूहळू कळलं. इंदापूरच्या डॉक्टरांनी त्यांना एक गोळी चालू ठेवायला सांगितली होती, बारीकशी, रोज. त्यांनी ती दोन महिन्यांपूर्वी बंद केली होती, डॉक्टरांना न विचारता. भावाच्या पोरीचं लग्न जमत होतं. भाऊ येऊन म्हणाला, "अक्का, पोराकडची चौकशी करत्यात. घरात कुणाला डोक्याचं औषध चालू हाय का म्हणून. किती दिस घेणार हायेस तू ते?"

"आन् मी बंद केली," बाई म्हणाल्या. "रस्त्यावर ट्रॅक्टर आडवणारी मी. पोरीचं लग्न मोडंल म्हणून गप बसले. लाज वाटली गं मला. माझी न्हाय, त्या गोळीची."

मी त्यांना समजावत बसले नाही. बूट पलंगाखालून काढले, त्यांच्या पायात घातले, नाड्या बांधल्या. बाईंनी अंग जड सोडलं होतं, पण पाय ओढून घेतला नाही. गाडीत मी चालवायला बसले आणि त्या शेजारी, इंदापूरकडे. लासुर्णं गेलं, निमगाव गेलं, त्यांनी डोळे मिटून घेतलेले. एकदाच म्हणाल्या, "तिसऱ्या गिअरवर किती पळवतीस, चौथा टाक."

डॉक्टरांनी रागावून काही म्हटलं नाही. गोळी पुन्हा सुरू केली, दर आठवड्याला बोलावलं. मी पाच-सहा वेळा घेऊन गेले. पहिले तीन आठवडे काहीही फरक नव्हता आणि मला वाटायचं, आपण फुकट पळतोय. चौथ्या आठवड्यात मी गेले तर बाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. सहाव्या आठवड्यात त्यांनी भावाला फोन केला, माझ्यासमोर. म्हणाल्या, "मी लग्नाला येणार हाय. गोळी घेऊन येणार हाय. चालत आसंल तर पत्रिका पाठव, चालत नसंल तरी मी येणार हाय."

लग्न कळंबला होतं, मांडव घालून, भर उन्हात. मी बाईंना घेऊन गेले. त्या नवी साडी नेसल्या होत्या आणि तिच्याखाली तेच बूट. भाऊ दारात भेटला, पाया पडला, आणि डोळे चुकवून आत गेला. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला आम्ही, समोर मुलाकडच्या बायका. बासुंदी आली तेव्हा बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि ताटाशेजारी टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. एक गोळी सोलली, तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या. पलीकडे वाढणाऱ्या भावाचा डाव हातातच थांबला.

नवऱ्या मुलाची आई समोर बसली होती. तिने विचारलं, "बीपीची का हो?"

"न्हाय," बाई म्हणाल्या. "मनाची. मन आजारी पडतं माझं. तुमच्या सुनेची आत्या हाय मी, तुमाला ठावं असायला पायजे."

मी भावाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मुलाच्या आईने ताटात बघितलं, पुरीचा तुकडा मोडला, परत ठेवला. मग तिने इकडेतिकडे बघितलं, खुर्ची पुढे सरकवली आणि टेबलावरून वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठल्या डॉक्टरांकडं जाता तुमी? माझ्या धाकट्याला दाखवायचं हाय."

बाईंचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. इंजिनमधला बारीकसा आवाज त्यांना आधी ऐकू येतो. त्यांनी तळहात कानामागे धरला.

"मोठ्यानं इचारा की," त्या म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं."